खोऱ्यातली रेंज आणि कंपन्यांचा ताळेबंद

पुणे जिल्ह्यात नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना राजगडाच्या परिसरात आंबवणे गाव लागतं. या गावात ‘जीवन ज्योती’ ही महिलांची प्रशिक्षण संस्था आहे. राजगड (पूर्वीचा वेल्हे) आणि भोर तालुक्यांतल्या मुली-बायकांना इथे शिवणकाम, रुग्णसेवा, संगणक, ब्युटी पार्लर असे रोजगार देणारे अभ्यासक्रम शिकवले जातात. ही संस्था म्हणजे ऑप्टिकल फायबर बनवणाऱ्या स्टरलाइट टेक्नॉलॉजीज, अर्थात ‘एसटीएल’, या कंपनीच्या सामाजिक कामाचा भाग. कंपनीचं मुख्यालय पुण्यात, काचेचे कारखाने छत्रपती संभाजीनगरात. 2030 पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचं उद्दिष्टही तिने जाहीर केलं आहे. दूरसंचार उद्योगाची पर्यावरणाशी आणि समाजाशी असलेली बांधिलकी या दोन तालुक्यांतून पाहिली, की तिचा अर्थ नीट कळतो.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. शिवाय 2022-23 पासून बाजारमूल्यात पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना ‘सेबी’च्या नमुन्यात जबाबदारीचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. वीज किती वापरली, कचरा किती झाला, कामगारांत महिला किती, वंचितांसाठी काय केलं, हे सगळं त्यात येतं. मात्र हे आकडे संपूर्ण कंपनीचे असतात. वेल्ह्याच्या कानंद खोऱ्यातल्या किंवा भोरच्या वेळवंड खोऱ्यातल्या माणसाला त्यात आपलं गाव सापडत नाही.

काचेपासून टॉवरपर्यंत

फायबर म्हणजे अतिशुद्ध काचेची तार. सिलिकॉनच्या वायुरूप संयुगापासून आधी काचेचा जाड दांडा तयार होतो. तो भट्टीत सुमारे 2000 अंश सेल्सिअसला तापवून त्यातून 125 मायक्रॉन जाडीची, म्हणजे जवळपास केसाएवढी, तार ओढली जाते आणि लगेच तिच्यावर संरक्षक लेप चढतो. भट्टीला वीज लागते, प्रक्रियेला वायू लागतात, सांडपाणी निघतं. म्हणून फायबर कंपनीची पर्यावरणाची खरी परीक्षा कारखान्यात होते. वीज सौर-पवनाची आहे का? पाणी पुन्हा वापरलं जातं का? वाया गेलेली काच आणि प्लास्टिक कुठे जातं?

मोबाईल सेवा देणाऱ्या कंपनीची परीक्षा टॉवरवर होते, कारण तिच्या विजेचा सर्वांत मोठा वाटा तिथेच खर्च होतो. डोंगरी तालुक्यात पावसाळ्यात झाड तारेवर पडलं, की लाइट जाते. टॉवर आधी बॅटरीवर चालतो, मग डिझेल जनरेटरवर, आणि डिझेल संपलं की सगळं खोरं गप्प होतं. एक लिटर डिझेल जाळलं, की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ताशी दोन लिटर धरले, तर आठ तासांत एका टॉवरचे 43 किलो झाले.

दूरसंचार विभागाने 2012 मध्येच यावर निर्देश काढले होते. ग्रामीण भागातले 50 टक्के टॉवर 2015 पर्यंत आणि 75 टक्के 2020 पर्यंत संकरित विजेवर, म्हणजे ग्रिडच्या विजेला सौर किंवा इतर अपारंपरिक ऊर्जेची जोड देऊन चालवायचे होते. सह्याद्रीच्या या पट्ट्यात ते सोपं नाही. आषाढ-श्रावणात सूर्यदर्शन दुर्मीळ, त्यामुळे नुसते सौर पॅनेल पुरत नाहीत. जोडीला मोठ्या क्षमतेची लिथियम बॅटरी हवी आणि वातानुकूलनाशिवाय उघड्यावर चालणारी उपकरणं हवीत. इथलं थंड हवामान या दुसऱ्या गोष्टीला अनुकूलच आहे. निकामी बॅटऱ्यांचं काय, हाही प्रश्न उरतो. शिशाची बॅटरी भंगारात उघड्यावर फोडली, तर शिसं माती-पाण्यात मिसळतं. म्हणूनच 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

रेंज कोणाला मिळते?

मोबाईलच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. तोरणा किल्ल्याच्या एका अंगाला टॉवर असला, तरी दुसऱ्या अंगाच्या वाडीत फोन मुका राहू शकतो. इथे खोऱ्यागणिक टॉवर लागतो आणि प्रत्येक टॉवरमागे ग्राहक मोजके. अशा ठिकाणी नफ्याचं गणित जुळत नाही, हे धरूनच 2002 मध्ये सार्वत्रिक सेवा निधी स्थापन झाला. कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या 5 टक्के आकारणीतून तो भरतो. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याला ‘डिजिटल भारत निधी’ असं नाव दिलं. नेटवर्क नसलेल्या 24,680 गावांत 4जी पोहोचवण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तीही याच निधीतून. भारतनेटचं फायबर मात्र मुख्यतः ग्रामपंचायतीपर्यंत येतं. इथली एक पंचायत म्हणजे डोंगरभर विखुरलेल्या वाड्या. पंचायतीपासून वाडीपर्यंतचं अंतर तसंच उरतं.

ते अंतर आता महाग पडतं. रेशनच्या ई-पॉस यंत्रावर अंगठा लावायला नेटवर्क लागतं. 2021 पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करायची आहे. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी ओटीपीवर अडते. रात्री-अपरात्री 108 ला फोन लावायचा, तरी रेंज हवीच. सरकारने दारं ऑनलाइन केली, की रेंज नसलेला माणूस आपोआप दाराबाहेर राहतो.

रेंज आली तरी फोन कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न उरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशात स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या महिला 54 टक्के, ग्रामीण भागात तर 47 टक्क्यांच्या आसपास. आंबवण्यातल्या कामाचं मोल इथे कळतं. शिवणकामाची ऑर्डर घेणारी किंवा दवाखान्यात नोकरीला लागलेली बाई स्वतःच्या कमाईतून फोन घेऊ शकते. तिचं बँक खातं आणि बचत गटाचा हिशेब त्या फोनवर येतो. कौशल्य आणि नेटवर्क एकमेकांना धरूनच उपयोगी पडतात. संगणक शिकून घरी गेलेल्या मुलीच्या वाडीत रेंज नसेल, तर तिचं शिक्षण अर्ध्यावर राहतं.

हिशेब तालुक्याचा हवा

या दोन तालुक्यांनी बाहेरच्यांना भरभरून दिलं आहे. पानशेत आणि वरसगावचं पाणी पुणे पितं. भाटघर आणि नीरा देवघरच्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांखालची शेती पिकते. त्यासाठी इथल्या गावांनी जमिनी पाण्याखाली जाऊ दिल्या. शहराच्या बरोबरीची सेवा मागणं हा त्यांचा हक्क आहे, आणि कंपन्यांनी या कामाकडे हक्क म्हणूनच पाहायला हवं.

म्हणून एक साधी मागणी आहे. दूरसंचार कंपन्यांनी जबाबदारीचा अहवाल तालुकावार द्यावा. या तालुक्यात टॉवर वर्षभरात किती तास बंद होते, किती डिझेल जळलं, किती बॅटऱ्या परत घेतल्या, किती वाड्यांत अजून रेंज नाही आणि प्रशिक्षण घेतलेल्या किती महिला वर्षानंतर कमावत्या आहेत, एवढे पाच आकडे पुरेत. ते मराठीत छापावेत आणि ग्रामसभेत वाचावेत. बहुतेक माहिती कंपन्यांकडे आधीच असते, कारण टॉवरवर लांबूनच नजर ठेवली जाते. ‘सेबी’ने अहवालाच्या नमुन्यात एवढी भर घातली आणि पंचायत समित्यांनी ते आकडे मागायची सवय लावली, तर पुढच्या पावसाळ्यात कोणत्या खोऱ्यात आधी बॅटरी बदलायची आणि कोणत्या वाडीसाठी नवा टॉवर मागायचा, हे गावकरी पुराव्यानिशी सांगू शकतील.