हाडांची साक्ष

हाड म्हणजे निर्जीव सांगाडा नव्हे. प्रथिनांच्या तंतूंनीं विणलेली व कॅल्शियमच्या क्षारांनीं कठीण झालेली ती जिवंत ऊती आहे. बालपणीं हाडांचीं टोंकें कूर्चेनें जोडलेलीं असतात. पुढें तीं एकजीव होऊन प्रौढ देहांत बहुधा २०६ हाडें उरतात. म्हणूनच हाड वय सांगतें.

पुणें जिल्ह्यांत इनामगांव येथें डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून उत्खनन केलें. सुमारें ३,००० वर्षांपूर्वींच्या घरांच्या जमिनीखालीं, तोंडास तोंड लावलेल्या दोन मडक्यांत निजविलेलीं बालकें तेथें सांपडलीं. दांत व हाडें पाहून त्यांचें वय कळतें. त्यांचीं नांवें लोपलीं. परंतु आईबापांनीं त्यांना घराच्याच पोटांत ठेविलें, ही साक्ष हाडांनीं राखली.