वेब-अनुप्रयोगांतील ई-मेल प्रेषण व घटक-चाचणी
जून २०२१ मध्ये अमेरिकेतील एचबीओ मॅक्स या प्रक्षेपण सेवेच्या अनेक ग्राहकांना ‘इंटिग्रेशन टेस्ट ईमेल क्रमांक १’ अशा शीर्षकाचे पत्र मिळाले. चाचणीपुरता असलेला मजकूर खऱ्या पत्त्यांवर गेला होता. पोहोचलेले ई-मेल परत घेता येत नाही. म्हणूनच त्याची घटक-चाचणी प्रत्यक्ष प्रेषणाविना व्हावी लागते.

त्यासाठी पत्र वाहून नेणारा भागच बदलला जातो. पायथन भाषेतील जँगो या चौकटीत ही सोय अंगभूत आहे. चाचणीच्या वेळी पत्र एसएमटीपी सर्व्हरकडे न जाता संगणकाच्या स्मृतीतील ‘आउटबॉक्स’ या यादीत जमा होते. प्रत्येक चाचणीपूर्वी ही यादी रिकामी होते. पत्रे किती निघाली, कोणास, कोणत्या मजकुरासह, हे त्यावरून ताडून पाहता येते. अपूर्ण प्रवेश-अर्जानंतर एकही पत्र निघू नये, ही तपासणी मात्र बहुधा राहून जाते. वास्तविक तीच अधिक मोलाची. चाचणीतील पत्तेही १९९९ च्या आरएफसी २६०६ अन्वये उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ या नावाचेच असावेत.

सर्व्हरचा पासवर्ड चुकला आहे किंवा पत्र स्पॅममध्ये पडते आहे, हे या यादीवरून कळत नाही. ती तपासणी निराळ्या टप्प्यावर, संस्थेच्या स्वतःच्या मोजक्या पत्त्यांवर करावी लागते.