मैदान कुणाच्या नावावर?

१३ मार्च २०२१ च्या रात्री मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर नव्वदावं मिनिट चालू होतं. बिपिन सिंगने एटीके मोहन बागानच्या जाळ्यात चेंडू धाडला, २-१ झाले आणि मुंबई सिटी एफसीने पहिल्यांदाच इंडियन सुपर लीगचा करंडक उचलला. दोनच आठवड्यांपूर्वी याच प्रतिस्पर्ध्याला हरवून त्यांनी साखळीतल्या अव्वल स्थानाची शील्डही मिळवली होती. एकाच हंगामात दोन्ही मान, आणि त्या अख्ख्या हंगामात मुंबईत एकही सामना नाही! करोनामुळे सगळी स्पर्धा गोव्यात, रिकाम्या गॅलऱ्यांपुढे झाली, तेव्हा यात दोष कुणाचाच नव्हता. पण परक्या मैदानाला घर म्हणण्याची वेळ मुंबईच्या फुटबॉलवर काही साथीमुळेच पहिल्यांदा आली नव्हती.

या शहराचं फुटबॉल म्हणजे अनेक वर्षं कूपरेजच. मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर, ओव्हल मैदानाच्या शेजारचं हे मैदान. १८९१ मध्ये सुरू झालेल्या रोव्हर्स कपचं नाव या मैदानाशी कायमचं जोडलं गेलं. पहिली साडेचार दशकं हा कप गोऱ्या पलटणींचा होता. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने तो पहिल्यांदा भारतीय हातांत आणला. पुढे कोलकात्याचे, हैदराबादचे, गोव्याचे संघ इथे येत राहिले आणि यजमान म्हणून उभे राहत ते मुंबईचे कंपन्यांचे संघ: टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा. खेळाडूला नोकरी मिळे आणि संघाला कंपनीचं नाव. सामन्यापुरतं मैदान सगळ्यांचं एकच. आपलं स्वतःचं मैदान असावं, अशी गरज त्या व्यवस्थेत कुणाला भासली नाही, कारण संघ हा कंपनीच्या एका खात्यासारखा चाले.

त्याची किंमत पुढे कळली. १९६२ मध्ये उभा राहिलेला महिंद्राचा संघ २००० मध्ये महिंद्रा युनायटेड झाला आणि २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला. त्या जेतेपदाला पाच वर्षं होण्याआधीच, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. कारण मैदानाचं नव्हतं. कंपनीला आपला पैसा तळागाळातल्या फुटबॉलकडे वळवायचा होता. पण संघ गेला तेव्हा मागे काय राहिलं? वस्तीतल्या पोरांनी जाऊन उभं राहावं असं एखादं फाटकसुद्धा राहिलं नाही. देशाच्या विजेत्या संघाचा पत्ता कुणी विचारला, तर दाखवायला जागा नव्हती.

मुंबई एफसीची कहाणी याहून कष्टाची. २००७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि मोठ्या संघांसमोर टिच्चून टिकला. खालिद जमील यांनी २००९ पासून सात हंगाम हा संघ कमी पैशांत सांभाळला. त्यातच कूपरेजचं नूतनीकरण निघालं. कृत्रिम हिरवळ बसेपर्यंत आणि गॅलऱ्या उभ्या राहीपर्यंत नावात मुंबई असलेल्या या क्लबला घरचे सामने पुण्याला, बालेवाडीत खेळावे लागले. घरच्या सामन्यासाठी घाट चढून जायचं, हे आज वाचायलाही विचित्र वाटतं. अंधेरी-मालाडचा माणूस कामाच्या दिवशी संध्याकाळी बालेवाडी कशी गाठणार? प्रेक्षक जमले नाहीत, आणि कूपरेज पुन्हा खुलं झालं तेव्हा जमवायची मुख्य वर्षं निघून गेली होती. २०१६ मध्ये जमील बाहेर पडले. पुढच्याच हंगामात त्यांनी मिझोरामच्या ऐझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली. त्याच हंगामात मुंबई एफसीची तळाला जाऊन पदावनती झाली आणि क्लब बंद पडला. जमील २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. त्यांना घडवणारा क्लब मात्र तोवर विस्मरणात गेला होता.

बालेवाडीपाशी थोडं थांबायला हवं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं हे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. मुख्य मैदानाभोवती धावपट्टी आहे, त्यामुळे प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात चांगलंच अंतर पडतं. कॉर्नर किक घेताना खेळाडूच्या पाठीमागे हाकेवर माणसं असतात, ती जवळीक इथे नाही. या मैदानाला पुणे एफसीने घर म्हटलं, तो संघ २०१५ मध्ये गेला. भारत एफसी एकच हंगाम खेळून त्याच वर्षी बंद झाला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये थांबला, आणि एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मिटल्यावर त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. मुंबई एफसी धरून पाच व्यावसायिक क्लब या एका मैदानावर नांदले आणि पाचही संपले. दोष त्या संकुलाचा नाही. सरकारी संकुल कुणाही एका क्लबचं नसतं, आणि नसावंही. दोष असेल तर तो क्लबांच्या मांडणीत आहे: सामन्याच्या दिवशी स्टेडियम भाड्याने मिळालं की घराचा प्रश्न सुटला, असं धरून सगळे चालले.

यात एक अपवाद आहे आणि तो लपवून चालणार नाही. डीएसके शिवाजियन्सने लोणी काळभोरला लिव्हरपूलच्या सहकार्याने निवासी अकादमी उभी केली होती. सरावाची मैदानं आणि मुलांची राहण्याची सोय होती, प्रशिक्षकही होते. तरीही मालक उद्योगसमूह अडचणीत आला आणि क्लब बुडाला. म्हणजे जमीन असणं पुरेसं नाही. ती क्लबची आहे की मालकाची, हा प्रश्न उरतोच.

आता पुन्हा मुंबई सिटीकडे. २०१४ मध्ये क्लब स्थापन झाला आणि १८ ऑक्टोबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर घरचा पहिला सामना झाला. आंद्रे मोरित्झच्या तीन गोलांसह पुण्याचा ५-० असा फडशा पडला. सुरुवात झकास होती, पण पन्नास हजारांहून अधिक माणसं बसतील असं ते स्टेडियम क्रिकेटसाठी बांधलेलं, शिवाय खाडीपलीकडे. फुटबॉलवेडे वांद्र्यात, ऑर्लेममध्ये, अंधेरी-मालाडच्या पट्ट्यात जास्त. त्यांना हार्बरची गाडी धरून नेरूळ गाठणं म्हणजे निम्मा दिवस.

दोन हंगामांनंतर, २०१६ मध्ये, क्लब अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात आला. संकुल महापालिकेचं. आकार लहान, पण आझाद नगरच्या मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं आणि गॅलरीतून खेळाडूंचं ओरडणं ऐकू येतं. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला भारताने इथे पोर्तो रिकोला ४-१ असं हरवलं. मुंबईत ६१ वर्षांनी झालेला तो आंतरराष्ट्रीय सामना. नोव्हेंबरमध्ये मुंबई सिटीच्या दिएगो फोर्लानने केरळ ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक केली. २०१८ च्या जूनमध्ये याच मैदानावर भारत-चिनी तैपेई सामन्याला अवघे २,५६९ प्रेक्षक आले. सुनील छेत्रीने हात जोडून केलेल्या आवाहनाची चित्रफीत देशभर फिरली आणि तीन दिवसांनी, त्याच्या शंभराव्या सामन्याला, भर पावसात स्टेडियम खचाखच भरलं. मुंबईत प्रेक्षक नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी ती संध्याकाळ आठवावी. माणूस पोहोचू शकतो अशा जागी खेळ ठेवा, त्याला बोलवा; तो येतो.

पण अंधेरीही भाड्याचंच घर. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचे ६५ टक्के भाग घेतले. या समूहाने मँचेस्टरमध्ये २०१४ साली स्टेडियमसमोरच ८० एकरांवर अकादमी उभारलेली. सोळा मैदानं, पोरांपासून पहिल्या संघापर्यंत सगळे एकाच आवारात, आणि एका पादचारी पुलावरून थेट स्टेडियम. तिकडे ८० एकर, इकडे शहरात एक एकर मोकळी मिळायची मारामार. पैसा आणि अनुभव दोन्ही असूनही मुंबईत तसं काही उभं राहिलं नाही. जमिनीच्या भावाचा अंदाज असलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

त्याचे चटके मोठ्या स्पर्धांत बसले. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे गटसामने रियाधमध्ये एकत्र झाले. तिथे ११ एप्रिलला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून मुंबई सिटीने या स्पर्धेत भारतीय क्लबचा पहिला विजय नोंदवला. पुढच्या वेळी घरचे सामने मिळाले, पण अंधेरीत ते होणार नव्हते. इराणच्या आणि उझबेकिस्तानच्या संघांना बालेवाडीत बोलवावं लागलं आणि ६ नोव्हेंबर २०२३ ला सौदीच्या अल हिलालचा सामना नेरूळला झाला. नेमार येणार म्हणून गाजलेला हा सामना. पण नेमार जखमी होऊन आधीच बाहेर पडला होता. एका स्पर्धेचे तीन घरचे सामने, दोन शहरं, आणि दोन्ही ठिकाणी क्लब पाहुणाच. मे २०२४ मध्ये दुसऱ्यांदा करंडक जिंकणाऱ्या संघाचं बिऱ्हाड असं पाठीवर होतं.

गोव्यात चित्र वेगळं दिसतं, कारण तिथे मैदान गावाचं असतं. एफसी गोवासारखा व्यावसायिक क्लबही बार्देशातल्या साल्वादोर द मुंद पंचायतीच्या मैदानावर सराव करतो. कोल्हापुरात तर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावंच तालमींची आहेत. पेठापेठांत कुस्तीचे आखाडे होते आणि त्याच पेठांनी फुटबॉलचे संघ उभे केले. सामने शाहू स्टेडियमवर होतात. पण संघाचं घर विचाराल तर बोट तालमीच्या दाराकडे वळतं. मालकाने हात काढून घेतला म्हणून तालीम बंद पडत नाही, कारण मालक पेठ असते. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

तिथून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्य आडवं कापत नागपूरला येते आणि गोंदियाला थांबते. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या पावसाळ्यात झोपडपट्टीतली पोरं फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. ‘झुंड’ या चित्रपटाने २०२२ मध्ये ही गोष्ट घराघरांत नेली, पण चित्रपटात न मावलेला भाग या लेखाच्या दृष्टीने जास्त मोलाचा. स्पर्धांनंतर बारसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराबाहेर बोखाऱ्याला कायमचं केंद्र उभारलं. २०१६ मध्ये त्यांच्या ‘स्लम सॉकर’ या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला तो या रोजच्या कामासाठी. तिकीट विकायचं स्टेडियम त्यांनी शोधलंच नाही. उद्या सकाळी पोरं कुठे येणार, याचं उत्तर आधी शोधलं.

विदर्भातून अजून एकही क्लब आयएसएल किंवा आय-लीगपर्यंत पोहोचलेला नाही. गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके, आणि इथला जमिनीचा प्रश्न मुंबईच्या नेमका उलटा: मोकळी जागा डोळ्यांना दिसते, पण वापरता येत नाही. कारण सातबाऱ्यावरची नोंद, ‘झुडपी जंगल’. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत हजारो हेक्टर जमीन या नोंदीखाली आहे. तिथे अनेकदा झाड सोडा, धड झुडूपही नसतं. गुरं चरतात आणि पोरं दगड मांडून गोलपोस्ट करतात. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अशा जमिनींना वनकायदा लागू झाला. २२ मे २०२५ च्या निकालाने त्या वनच आहेत, हे पक्कं केलं. १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांना नियमित करण्याची वाट त्यात आहे. पण वनाला लागून नसलेले तीन हेक्टरांहून लहान तुकडेही संरक्षित वन म्हणून घोषित करायला सांगितलं आहे. जंगल राखणारा हा निकाल चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र १०५ बाय ६८ मीटरच्या पूर्ण मैदानाला भोवतालची मोकळी पट्टी धरून एक हेक्टरच्या आसपास जागा लागते, आणि गावालगतच्या नेमक्या अशाच तुकड्यांवर आता खेळासाठी केंद्राची परवानगी घ्यावी लागेल.

दुसरीकडे पैसा वाढला आहे. २०२२ मध्ये राज्य सरकारने तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा पाच कोटींवर आणि जिल्हा संकुलाची पंचवीस कोटींवर नेली. हा निधी आला की आधी इनडोअर हॉल आणि प्रेक्षागृहाचा आराखडा पुढे येतो, कारण इमारतीचं उद्घाटन करता येतं. फुटबॉलसाठी लागतं ते साधं आहे: पाणी निचरणारी सपाट जमीन, गवत, बोअर, रोलर, कुंपण आणि संध्याकाळी लागणारे दिवे. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या आश्रमशाळांतली मुलं आणि मुली पळायला कुणाला ऐकत नाहीत. त्यांच्यासाठी गावठाणातली, शाळेच्या मालकीची किंवा निर्विवाद महसुली जमीन शोधायची, तिचा फेरफार तपासायचा आणि ती ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या नावावर खेळासाठीच राखून ठेवायची, हे काम तलाठी कार्यालयात सुरू होतं. मुंबई-पुण्याच्या क्लबांनी संघ आधी बांधला आणि जागा नंतर शोधली. गोंदियात अजून संघच नाही, त्यामुळे क्रम उलटा ठेवायला इथे वाव आहे, आणि झुडपी जंगलाच्या नोंदी तपासण्याचं काम जिल्ह्यात निघेल तेव्हा प्रत्येक तालुक्याने आपल्या मैदानाचा गट क्रमांक त्याच वेळी पुढे करायला हवा.