खेळाडू की प्रेक्षक?

सापशिडीच्या खेळात खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यावा लागत नाही, हे तुमच्या कधी लक्षात आले आहे काय? फासा टाकायचा, पडेल तेवढी घरे सोंगटी पुढे न्यायची, शिडी लागली तर चढायचे, साप लागला तर उतरायचे. तुमच्या जागी शेजारचा लहान मुलगा बसला आणि तेच फासे पडले, तर खेळाचा शेवटही तोच होईल. बुद्धिबळाचे तसे नाही. तेथे पहिल्याच खेळीला पांढऱ्यापुढे २० पर्याय असतात आणि निवडलेल्या पर्यायाप्रमाणे पुढचा सगळा डाव बदलतो.

संगणकावरील व्हिडिओ खेळांतही असेच दोन प्रकार आढळतात. काही खेळ सिनेमासारखे असतात. त्यांची कथा आधीच ठरलेली असते. ठरलेल्या जागी ठरलेली कळ दाबली, की पुढचा प्रसंग सुरू होतो. दुसऱ्या प्रकारचे खेळ मोकळे असतात. कोठे जायचे, काय करायचे, हे खेळणारा ठरवतो. पहिल्या प्रकारचे खेळ खेळताना मुले पुष्कळदा वैतागतात. "उजवीकडे दार दिसते आहे, पण ते उघडतच नाही!" ही तक्रार कोणी ऐकली नसेल? वरवर पाहता हा केवळ आवडीनिवडीचा भाग वाटतो. पण त्याच्या मुळाशी एक शास्त्रीय प्रश्न आहे. तो असा, की यंत्रात साठवायचे काय? चित्रे, की नियम?

तबकडीवरचा किल्ला

१९८३ साली अमेरिकेत 'ड्रॅगन्स लेअर' नावाचा खेळ आला. त्या काळी व्हिडिओ खेळांतील माणसे म्हणजे ठोकळ्यांच्या ओबडधोबड आकृत्या असत. या खेळात मात्र पडद्यावर प्रत्यक्ष व्यंगचित्रपट दिसे. डिस्नेच्या चित्रसंस्थेत पूर्वी काम केलेल्या डॉन ब्लूथ यांनी त्याची चित्रे तयार केली होती. डर्क नावाचा शूर सरदार किल्ल्यात शिरतो आणि ड्रॅगनच्या तावडीतून राजकन्येला सोडवतो, अशी त्याची कथा. इतर खेळांना २५ सेंट पडत, तर याला ५० सेंट. तरीही यंत्रापुढे गर्दी होई.

ही किमया साधली होती लेसर तबकडीने. अशा तबकडीच्या एका बाजूवर ५४,००० चित्रचौकटी मावतात. सेकंदाला ३० चौकटी दाखवल्या, तर ३० मिनिटांचा चित्रपट होतो. या खेळासाठी सुमारे २२ मिनिटांची चित्रे वापरली होती. प्रत्येक चौकटीला क्रमांक असतो आणि "अमुक क्रमांकापासून दाखव" अशी आज्ञा संगणक तबकडीच्या यंत्राला देऊ शकतो.

आता खेळणाऱ्याचे काम पाहू. त्याच्या हाती एक दांडा आणि तलवारीचे एक बटण. प्रसंग पुढे सरकत असताना विशिष्ट क्षणी योग्य दिशेला दांडा वळवला, की संगणक पुढचा प्रसंग लावी. चूक झाली किंवा उशीर झाला, की डर्कच्या मरणाचा प्रसंग लागे. बाकी सगळा वेळ दांडा कसाही हलवला, तरी पडद्यावर काहीच फरक पडत नसे! तबकडीवरील नवी जागा शोधण्यात क्षणभर जाई आणि तेवढ्यात पडदा काळा होई. खेळणारा डर्कला चालवत नव्हता, हे त्या काळ्या क्षणी उघड होई. तो फक्त चित्रपटाची पुढची रीळ मागत होता.

फाटे वाढले तर?

तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी दोन वाटा ठेवाव्यात. डावीकडे गेला तर एक कथा, उजवीकडे गेला तर दुसरी. विचार चांगला आहे, पण हिशेब करून पाहू.

समजा, प्रत्येक प्रसंग १ मिनिटाचा आहे आणि खेळात १० वेळा निवड करायची आहे. पहिला प्रसंग १, मग २, मग ४, मग ८, असे करत शेवटी १,०२४ प्रसंग लागतील. सर्वांची बेरीज होते २,०४७. म्हणजे ३४ तासांहून अधिक लांबीचा चित्रपट तयार करायचा आणि त्यातून एका खेळणाऱ्याला फक्त ११ मिनिटे दिसणार! निवडी २० केल्या, तर २०,९७,१५१ मिनिटांची चित्रे लागतील. ती अखंड पाहत बसले, तरी जवळजवळ ४ वर्षे पुरतील.

एवढे चित्रण कोणी करू शकत नाही. म्हणून फुटलेले फाटे थोड्या अंतरावर पुन्हा एकाच रस्त्याला आणून मिळवतात. तुम्ही होय म्हणा की नाही म्हणा, दोन मिनिटांनी त्याच पुलावर येऊन पोहोचता. न उघडणारे दार असते ते याच कारणाने. त्या दारामागे कोणी काही काढलेलेच नसते. आज तबकडी गेली आणि चित्रे अनेक पटींनी देखणी झाली, पण दुपटीचा हा नियम बदललेला नाही. उलट, एकेक प्रसंग जितका खर्चिक, तितके फाटे कमी.

१६ अक्षरांत एक ग्रह

ड्रॅगन्स लेअरनंतर एकाच वर्षाने, १९८४ साली, इंग्लंडमध्ये 'एलिट' हा खेळ प्रसिद्ध झाला. केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी तो बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी लिहिला. खेळणाऱ्याला एक अंतराळयान आणि थोडे पैसे मिळत. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्तात घ्यावे, कारखानदारीच्या ग्रहावर विकावे, वाटेत चाच्यांशी लढावे किंवा स्वतःच चाचेगिरी करावी. कोणती वाट धरायची, याचे बंधन नव्हते. एका प्रकाशन कंपनीने हा खेळ नाकारला होता. खेळ कसा दहा मिनिटांत संपणारा आणि तीन 'जिवांचा' असावा, असे तिचे मत होते.

या खेळात ८ आकाशगंगा होत्या आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८. संगणकाची स्मृती मात्र ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ अक्षरे मावतील एवढीच. सगळी स्मृती वाटून टाकली, तरी एका ग्रहाच्या वाट्याला १६ अक्षरे येतात आणि खेळाच्या आज्ञावलीला काहीच उरत नाही. मग ग्रहांची नावे, जागा, बाजारभाव ठेवले कोठे?

ते ठेवलेच नव्हते. ठेवली होती एक बीजसंख्या आणि तिच्यापासून पुढच्या संख्या काढण्याचा नियम. ही युक्ती तुम्ही पेन्सिलीने करून पाहू शकता. ३ आणि ७ हे अंक घ्या. त्यांची बेरीज करून फक्त शेवटचा अंक लिहा. मग शेवटच्या दोन अंकांची बेरीज, पुन्हा शेवटचा अंक. ३, ७, ०, ७, ७, ४, १, ५, ६, १, ७, ८... रांग कशीही वाटली, तरी ती पक्की ठरलेली आहे. पहिल्या अंकावरून ग्रहाची जागा ठरवा, दुसऱ्यावरून हवामान, तिसऱ्यावरून धान्याचा भाव. ग्रह लागेल तेव्हा तयार करायचा, निघून गेलात की पुसून टाकायचा. परत आलात, तर त्याच बीजातून तोच ग्रह पुन्हा उगवतो! 'माइनक्राफ्ट'मधील डोंगर, गुहा आणि जंगलेही अशाच बीजसंख्येतून उभी राहतात.

मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. आपली रांग ६० अंकांनंतर पुन्हा ३, ७ वर येते. ब्रेबन आणि बेल यांना सुरुवातीला अब्जावधी आकाशगंगा ठेवायच्या होत्या. पण इतक्या ठेवल्या, तर सगळे ग्रह एकाच गणिताची पिलावळ आहे हे लपणार नाही, म्हणून प्रकाशकांनी त्या ८ वर आणायला लावल्या. तेव्हा नुसती जागा अफाट असली म्हणजे खेळ मोकळा झाला, असे नाही. मोकळेपणा येतो तो आपल्या कृतीचा परिणाम होण्याने.

नियम करणाऱ्यालाही ठाऊक नसते

परिणाम किती दूर जाऊ शकतात, हे जॉन कॉन्वे या इंग्रज गणितज्ञाच्या 'लाइफ' या खेळात दिसते. १९७० साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्याची ओळख करून दिली. चौकटीची वही घ्या. काही चौकटीत ठिपके द्या, ते जिवंत. प्रत्येक चौकटीला ८ शेजारी असतात. ज्या ठिपक्याला २ किंवा ३ जिवंत शेजारी असतील, तो जगतो. इतर मरतात. ज्या रिकाम्या चौकटीला नेमके ३ जिवंत शेजारी असतील, तेथे नवा ठिपका जन्मतो. एका ओळीत ३ ठिपके काढून पाहा. आडवी ओळ उभी होईल, मग पुन्हा आडवी.

कोणतीही आकृती अमर्याद वाढणार नाही, असा कॉन्वे यांचा अंदाज होता. सिद्ध करणाऱ्याला किंवा खोडून काढणाऱ्याला त्यांनी ५० डॉलरचे बक्षीस लावले. त्याच वर्षी अमेरिकेतील बिल गॉस्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दर ३० पिढ्यांनी एक लहान सरकती आकृती बाहेर सोडणारी 'बंदूक' शोधून काढली. वाढ अमर्याद होती. नियम ज्याने केले, त्याचाच अंदाज खेळणाऱ्यांनी चुकीचा ठरवला! चित्रपटासारख्या खेळात हे कधी घडू शकत नाही. तेथे कर्त्याने जे ठेवले, तेवढेच सापडते.

प्रयोगशाळेतही तेच

याचा अर्थ कथा सांगणारे खेळ टाकाऊ, असा नव्हे. चांगली कथा ऐकायला कोणाला आवडत नाही? शिवाय नियमांच्या खेळात दिशाच न सापडल्याने कंटाळणारेही असतात. वैताग येतो तो खेळ म्हणून बोलावून प्रेक्षक म्हणून बसवले जाते तेव्हा. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. "मी वेगळे काही केले असते, तर पुढे काय वेगळे झाले असते?" असे स्वतःला विचारावे.

शिक्षकांनी ही कसोटी प्रयोगाच्या तासालाही लावून पाहावी. "दोरा १०० सेंटिमीटर घ्या, २० आंदोलने मोजा, तक्ता भरा," हा एक प्रकार. "लंबकाच्या झोक्याला लागणारा वेळ कशाकशावर अवलंबून असतो ते शोधा," हा दुसरा. दुसऱ्यात मुले वजन बदलतील, दोरा बदलतील, चुकतील आणि निसर्ग प्रत्येक चुकीलाही नियमाने उत्तर देईल.

शेवटी घरी करण्याजोगा एक प्रयोग. सापशिडी काढा. एरवी एक फासा टाकता, त्याऐवजी दोन टाका आणि दोहोंपैकी कोणता वापरायचा ते खेळणाऱ्याला ठरवू द्या. जुन्या पद्धतीने १० डाव आणि नव्या पद्धतीने १० डाव खेळा. प्रत्येक डावाला किती खेळ्या लागल्या, त्याची नोंद ठेवा. पट तोच, साप तेच, शिड्या त्याच. बदललेला नियम फक्त एक. त्याने खेळात काय काय बदलले, ते तुमची वहीच तुम्हाला सांगेल.