तुळस शेवटी, झाकण लगेच

अकोल्याचा हिवाळा विचित्र. दुपारी मोर्णेच्या काठी ऊन सोसवत नाही आणि रात्री एका गोधडीनं भागत नाही. त्यात हवा कोरडी, म्हणून घसा धरतोच. मग जुन्या शहरात घरोघरी काढ्याचं पातेलं चढतं. काष्ठौषधीच्या दुकानातून सुंठ, मिरे, दालचिनी, ज्येष्ठमध येतं, दारातली तुळस आणि कुंडीतला गवती चहा खुडला जातो. सगळं एकदमच पाण्यात पडतं आणि पाणी निम्मं आटेपर्यंत उकळत राहतं. घरभर वास सुटला की काढा झकास झाला असं आपण मानतो. खरं तर तो वास म्हणजे काढ्यातून उडून गेलेला ऐवज.

तुळशीतलं युजेनॉल आणि गवती चहातलं सिट्रल वाफेबरोबर सहज निघून जातात. गवती चहाचं तेल काढतात तेही वाफेच्याच जोरावर. सुंठ, दालचिनीची साल, ज्येष्ठमधाची मुळी यांची गोष्ट उलटी. ती कठीण असल्यानं त्यांतला अर्क पाण्यात उतरायला आच आणि वेळ दोन्ही लागतात. आयुर्वेदानं उकळून आटवायचा क्वाथ आणि गरम पाण्यात भिजवायचा फांट हे दोन प्रकार वेगळे ठेवले आहेत. घरी दोन्हींची सांगड घालावी. साली-मुळ्या ठेचून दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा. गॅस बंद केल्यावर पानं घाला आणि लगेच झाकण ठेवा. पाच मिनिटांनी झाकण उचलून आतल्या बाजूचे थेंब हुंगून बघा, तुळस तिथंच सापडेल. ते थेंब पातेल्यातच झटकायचे.

प्रमाणासाठी आयुष मंत्रालयानं 2020 साली सुचवलेला काढा सोपा आहे. तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2, मिरे 1. ही सुकी भरड असते, 150 मिलिलिटर पाण्याला 3 ग्रॅम पुरे. ओल्या आल्याऐवजी सुंठ घेताना हात आखडता हवा. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं काही प्रमाणात शोगॉल होतं आणि ते जास्त तिखट असतं.

वऱ्हाडाची स्वतःची औषधी म्हणजे पानपिंपरी, अर्थात पिंपळी. अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी या भागात नागवेलीचे मळे राखणाऱ्या बारी समाजानं हे पीक जोपासलं. पिंपळीत मिऱ्यासारखंच पिपेरिन असतं आणि त्याचा गुण मोठा विलक्षण. 1998 साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपेरिन दिलं, तेव्हा हळदीतल्या या घटकाची शरीरातली उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. मात्र पिपेरिन फक्त हळदीलाच हात देत नाही. फिटसाठीचं फेनिटॉइन, रक्तदाबासाठीचं प्रोप्रॅनोलॉल यांचंही रक्तातलं प्रमाण ते वाढवू शकतं. अशा गोळ्या चालू असतील तर रोजच्या काढ्याविषयी डॉक्टरांना आधी विचारावं. ज्येष्ठमधाचंही तसंच. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साचतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो. गोडी आवडते म्हणून ते आठवडेच्या आठवडे घेणं मला तरी धोक्याचं वाटतं.

काढ्यानं सर्दी टळते असा भक्कम पुरावा नाही. आराम मात्र खरा आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठात 2008 साली सर्दी झालेल्या 30 जणांना फळांचं साधं गरम पेय दिलं. नाकातून वाहणारी हवा मोजली तर वाढली नव्हती, पण खोकला, घशाची खवखव, अंगातली थंडी, थकवा लगेच हलका झाला. तेव्हा ज्या आजोबांना पिंपळी आणि ज्येष्ठमध दोन्ही वर्ज्य आहेत, त्यांच्या कपात चिमूटभर सुंठ आणि झाकून ठेवलेला गवती चहा एवढंही चालेल, फक्त तो गरम हवा.