हात गेला, पण सातबाऱ्यावर नाव कुणाचे?



गळीत हंगाम आला की उसाच्या गाड्या, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी यांच्यासंगे अपघातही येतात. ज्याचा हात किंवा पाय गेला त्याच्या घरचे मदतीची चौकशी करायला येतात, ते डॉक्टरचा दाखला पुढे करूनच. "साहेब, इतके टक्के अपंगत्व लिहून दिलंय." आम्हाला मात्र दुसरेच विचारावे लागते.

डॉक्टरचे टक्के हा शेवटचा शब्द नसतो. ओरिसातील जेपूर येथे 1968 साली एक सुतार सिनेमा थिएटरचे काम करताना खाली पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. मालक म्हणाला, एकच हात गेला आहे, हे अंशतः अपंगत्व. नुकसानभरपाई आयुक्तांनी ते मानले नाही. डिसेंबर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली. तोच हात कारकुनाचा असता तर हिशेब निराळा झाला असता. म्हणजे जखमेइतकाच धंदाही मोजला गेला.

शेतकऱ्याच्या बाबतीत धंदा नाही, कागद मोजला जातो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना 2023 साली आली. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास 1 लाख रुपये. दोन अवयव गेल्यास किंवा मृत्यू आल्यास 2 लाख. वय 10 ते 75. अवयव निकामी झाला एवढे डॉक्टरने सांगायचे, पुढचे सारे तलाठ्याच्या दप्तरातून ठरते. पात्र कोण? खातेदार स्वतः, आणि खातेदार नसलेली त्याच्या घरातली एक व्यक्ती: आई, वडील, पती वा पत्नी, मुलगा किंवा अविवाहित मुलगी.

यादी पुन्हा वाचा. तीत भाऊ नाही. सूनही नाही.

आता आपल्याकडचे घर डोळ्यांपुढे आणा. वडील वारले, जमीन थोरल्याच्या नावावर लागली, नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. कारखान्याचा शेअर थोरल्याचा, उसाची नोंद त्याची, बिलही त्याच्याच खात्यावर. रात्रीची पाण्याची पाळी मात्र धाकटा धरतो आणि कडबाकुट्टीवर वैरण घालते धाकट्याची बायको. मोटारीचा शॉक बसायचा तो याला, हात अडकायचा तो तिचा. आणि उतारा उघडला की ती दोघेही शेतकरी नाहीत!

"भावाभावांत बरं चाललंय, नावं कशाला लावायची?" असे म्हातारी माणसे म्हणतात. नाव लागले की उद्या वाटणी मागेल, ही खरी भीती. आम्हाला ती कळते, आमच्याही घरी हेच बोलणे ऐकले आहे. पण नाव लावणे वेगळे आणि बांध घालणे वेगळे. समाईक खात्यात सगळ्या भावांची नावे राहतात आणि जमीन पहिल्यासारखी एकत्र कसता येते. धाकट्याचे नाव लागले की तो स्वतः खातेदार होतो आणि त्याची बायको खातेदाराची पत्नी म्हणून यादीत येते. वडिलांच्या मागे वारस नोंदच केलेली नसेल, तर थोरल्याचीही तीच गत.

अपघात झालाच, तर 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज गेला पाहिजे. दवाखान्याच्या धावपळीत महिना कधी सरला ते कळत नाही, म्हणून घरातल्या एकाने तेवढेच काम अंगावर घ्यावे. पोलिसांचा पंचनामा किंवा पोलीस पाटलाचा अहवाल लगेच मागून ठेवावा, मागाहून तो जमवताना फार चकरा होतात.

ऊस तोडीला यायच्या आधी सातबारा काढून घरात मोठ्याने वाचा. कोणाचे नाव राहिले असेल तर कागद घेऊन गट ऑफिसला या, फेरफारासाठी अर्ज लिहायला आमचे चिटबॉय मदत करतील.