विरजणाची वाटी

दही हा पदार्थ कोणत्याही गृहस्थाच्या घरी आपोआप जन्मास येत नाही. दुधास विरजण हवे, आणि पहिले विरजण कोणाच्या तरी घरून आणावेच लागते. ही गोष्ट इतकी सामान्य आहे की, तिच्यावर लेख लिहिण्यास कोणी बसेल असे वाचकांस वाटणार नाही. परंतु संस्कृत शिकविण्यात हयात घालवून आता घरी बसलेल्या माझ्यासारख्या मास्तरास लहान गोष्टींकडे पाहण्यास वेळ सापडतो. आणि ज्या गावात माझे सारे आयुष्य गेले, त्याचा लळा मला एवढा का लागला याचा शोध घेऊ लागलो, की मी फिरून फिरून त्या विरजणाच्या वाटीपाशीच येऊन थांबतो.

हे गाव म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. मलिक अंबराने १६१० साली खडकी नावाच्या खेड्याच्या जागी येथे नगर वसविले. १६५३ साली दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने त्यास आपले नाव दिले. आणि २०२३ साली ते छत्रपती संभाजीनगर झाले. खडकेश्वर महादेवाच्या नावात मात्र मूळची खडकी अजून ऐकू येते. बावन पुरे आणि बावन दरवाजे, असे या गावाचे वर्णन जुनी माणसे करीत. मोगल सैन्यातील रजपूत सरदारांच्या नावांचे कर्णपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा हे पुरे. आणि कारागिरांच्या व्यवसायांवरून ओळखले जाणारे कुंभारवाडा, कासारी बाजार, रंगार गल्ली हे भाग. १९६१ च्या शिरगणतीत येथील वस्ती लाखाच्या आत होती. २०११ साली ती पावणेबारा लाखांवर गेली. तेव्हा आजच्या या शहरास लहान गाव म्हणणे धाडसाचेच होय. पण मनुष्य शहरात राहत नसतो, तो आपल्या आळीत राहत असतो. आणि राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून गुलमंडीपर्यंतचा जो टापू माझ्या लेखी गाव आहे, तो पायी पंधरा-वीस मिनिटांत संपतो.

या टापूतील धावणी मोहल्ल्यात, एका जुन्या वाड्याच्या तीन खोल्यांत आमचे बिऱ्हाड होते. आजी, आई-वडील, काका-काकू आणि आम्ही सात भावंडे. वाडा माळवदाचा, मध्ये फरसबंद चौक, आणि चौकात सर्व बिऱ्हाडांस मिळून एक नळ. पहाटे नळाला पाणी येण्यापूर्वीच घागरी-कळशांची रांग लागे. त्या रांगेत कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचे पोर रात्री तापाने फणफणले, कोणाच्या मुलीस पाहावयास मंडळी येणार, हे सारे पाणी येण्याच्या आतच ठाऊक होई. आजारी माणसाच्या घरची घागर मग आपोआप रांगेच्या पुढे सरके. त्यासाठी कोणी ठराव करीत नसे.

पाणी आणि माणुसकी यांचे नाते या गावात फार जुने आहे. मलिक अंबराने डोंगरातले पाणी जमिनीखालील नहरीने गावात आणले. वाटेत ठिकठिकाणी उंच बंब बांधून पाण्यास वर चढविण्याची व खाली उतरविण्याची त्याची योजना पाहून आजचे इंजिनियरही थक्क होतात. पाणचक्कीत याच रीतीने आणलेल्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे, आणि तेथील दर्ग्याच्या आश्रयास आलेल्या फकिरांसाठी व वाटसरूंसाठी पीठ दळले जाई. नहर कोणा एकाच्या घरी जात नसे. ती हौदावर येई, आणि हौदावर सर्वांस यावे लागे. मला वाटते, या गावाच्या स्वभावात जो मोकळेपणा आहे त्याचे निम्मे श्रेय त्या हौदांस दिले पाहिजे.

सकाळ संपली की माळवदाचा दिवस सुरू होई. उन्हाळ्यात सांडगे, पापड, कुरडया यांनी सारी माळवदे भरून जात. एका माळवदावरून दुसऱ्यावर पाऊल टाकून सहज जाता येई. त्यामुळे राखण एकाने करावी आणि कुरडईचा ओला चीक मात्र सर्व पोरांनी खावा, असा क्रम असे. दुपारी बायका एकमेकींच्या ओसरीवर वाती वळीत बसत. संध्याकाळी वडील गुलमंडीवर जात. तेथे खरेदी चार आण्यांची आणि गप्पा दोन तासांच्या. भाजी घेताना भाव दख्खनीत व्हावयाचा, भांडण मराठीत व्हावयाचे, आणि शेवटी भाजीवाल्याने कोथिंबिरीची काडी वरून टाकून दोन्ही भाषा मिटवावयाच्या. आमच्या मोहल्ल्यातील पोरास शाळेत जाण्यापूर्वीच ‘नक्को’ आणि ‘हौ’ हे शब्द येत. रामरक्षा त्यानंतर येई.

वाड्याच्या मागील भिंतीस लागून एका बांगड्या विकणाऱ्या बाईचे घर होते. सारा मोहल्ला तिला चाची म्हणे. माझ्या आजीचे सोवळे कडक. चाचींच्या हातचे पाणीही तिला चालत नसे, आणि हे चाचींस पूर्ण ठाऊक होते. म्हणून ईदच्या दिवशी आमच्याकडे त्यांचा शीरखुर्मा येत नसे. शेवया, खारका, साखर आणि गवळ्याकडून परस्पर आलेले दूध, असा कोरडा शिधा येई. आजी त्याची खीर करी, देवास नैवेद्य दाखवी आणि मग आम्हांस वाढी. दिवाळीत आमचे फराळाचे ताट चाचींकडे जाई आणि परत येताना त्यात आईसाठी नव्या बांगड्या असत. भांडे रिकामे परत करावयाचे नाही, हा दोन्ही घरांचा सारखाच धर्म होता.

या एका रीतीत शेजाराचे सारे मर्म आहे, असे मला आता वाटते. साखरेची वाटी गेली की ती लिंबे घेऊन परत येई. लिंबांची परडी गेली की ती मेथीची जुडी घेऊन येई. हिशेब कधी फिटत नसे, आणि तो फिटू नये अशीच त्यात योजना असे. सावकाराचे ऋण मनुष्यास दूर लोटते; वाटीचे ऋण त्यास जवळ आणते. विरजणाची गोष्ट तर याहून विलक्षण. आमचे विरजण आंबूस झाले की आई ते समोरच्या जोशीकाकूंकडून आणी. त्यांचे बिघडले की त्या आमच्याकडून नेत. कोणाच्या घरचे दही मूळचे कोणाचे, हे काही वर्षांनी ब्रह्मदेवासही सांगता आले नसते.

हे वाचून, जुने ते सारे सोने, असे मी म्हणत आहे असा समज कोणी करून घेऊ नये. त्या मोहल्ल्यात कोणाची कोणतीही गोष्ट झाकली राहत नसे, आणि त्याचा जाच विशेषतः बायकांस होई. एखाद्या विधवेने किंवा माहेरी परत आलेल्या मुलीने किती वेळ दारात उभे राहावे, याचाही मोहल्ला हिशेब ठेवी. आमच्याकडे झाडलोटीस येणाऱ्या बाईस आजी ओंजळीत वरून पाणी घाली. तिच्या घरी आमची वाटी कधी गेली नाही, आणि तिची आमच्याकडे आली नाही. शेजाराचा गोडवा सर्वांच्या वाट्यास सारखा येत नव्हता, हे मी मुलांस सुभाषिते पढवीत असतानाही मला दिसत होते. परंतु ते बोलून दाखविण्यास मला फार वर्षे लागली. पुढे गावाने संचारबंदीचेही दिवस पाहिले. त्या दिवसांत मागच्या भिंतीवरून चाचींच्या घरचे दूध आणि आमच्या घरची ज्वारी यांची देवघेव चालू राहिली, हे जितके खरे, तितकेच भिंतीपलीकडे पाहताना दोन्ही घरांचे डोळे खाली वळत, हेही खरे.

२००४ साली वाडा विकला गेला आणि आम्ही गारखेड्याकडील एका नव्या वसाहतीत राहावयास आलो. तेथे चोवीस घरे, भोवती कुंपण, फाटकावर पहारेकरी. प्रत्येकाची टाकी स्वतंत्र, बोअर स्वतंत्र, गच्चीही स्वतंत्र. पैठणजवळचे जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले. सुमारे पन्नास किलोमीटरांवरून त्याचे पाणी आम्हांस मिळते. ते दररोज येत नाही हे खरे. पण ते आले किंवा न आले तरी शेजाऱ्यास विचारावयास जाण्याचे कारण पडत नाही. आईने येताना विरजणाची वाटी फडक्यात बांधून मांडीवर आणली होती. ती म्हणाली, “इथे कोणाचं दही कसं आहे, कोणास ठाऊक!” पुढे पाच वर्षे गेली, तरी ते आम्हांस ठाऊक झाले नाही.

२००९ च्या सुमारास आईस विस्मृती होऊ लागली. प्रथम दिवस विसरले, मग नावे. एके दिवशी माझेही नाव विसरले. एका दुपारी घरात सर्वांचा डोळा लागला असता ती पायांत चपला सरकवून बाहेर पडली. जाग आली तेव्हा दार उघडे होते. आम्ही फाटकाकडे धावलो. पहारेकरी म्हणाला, एक म्हातारी गेली खरी. पण ती कोणत्या घरची हे त्याला ठाऊक नव्हते. मी एकेक दार वाजवीत गेलो. लोक सज्जन होते. त्यांनी आपल्या गाड्या काढल्या, धावाधाव केली. परंतु तीन घरच्या माणसांनी मला विचारले, “तुमच्याकडे आई असतात का?” त्या प्रश्नाने माझ्या पोटात जे झाले ते मी अद्याप विसरलो नाही. त्यांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा? त्या तिन्ही घरांत कोण कोण असते, हे मला तरी कोठे ठाऊक होते?

दोन तासांनी जुन्या मोहल्ल्यातून फोन आला. आई फाटकाबाहेर पडून रिक्षात बसली होती आणि “संस्थान गणपती” एवढेच म्हणाली होती. जवळ पैसा नव्हता. मंदिरापाशी हार विकणाऱ्याने तिला उतरताना पाहिले, ओळखले आणि रिक्षाचे भाडे चुकते केले. तिथून तिला हाताला धरून कोणी किराणा दुकानापर्यंत आणले, तिथून दुसऱ्या कोणी चाचींच्या दारापर्यंत. या कडीतील प्रत्येकास ती कोण हे माहीत होते. फक्त तिलाच ते माहीत नव्हते.

मी पोहोचलो तेव्हा आई चाचींच्या बाजेवर बसली होती, आणि चाची तिच्या हातात बांगड्या चढवीत होत्या. माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, “अम्मा रस्ता नै भूली, मास्तर. अपने घरकूच आई.” मग हळू आवाजात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. आईस तहान लागली होती. आमच्या घरची रीत आठवून चाचींनी नातवास जोशीकाकूंकडे पाणी आणावयास धाडले; परंतु तो परत येण्यापूर्वीच आईने आपल्या हाताने त्यांच्या माठातले पाणी घेतले आणि ती घटाघट प्यायली. “मैं रोकती, पन उसकू इत्ती प्यास थी,” असे म्हणताना चाचींच्या स्वरात अपराध केल्याचा भाव होता. मी काय बोलणार? पन्नास वर्षे जी मर्यादा चाचींनी आमच्यासाठी सांभाळली, ती आमची होती, त्यांची नव्हती. मी त्याच माठातले पाणी मागून घेतले व प्यालो. आज आई नाही, चाचीही नाहीत. त्या पाण्याची चव मात्र अजून जिभेवर आहे.

संधिनियम शिकविताना मी मुलांस सांगत असे की, दोन वर्ण अगदी जवळ आले म्हणजे संधी होतो; परंतु काही स्वर असे असतात की ते शेजारी येऊनही एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांस प्रगृह्य म्हणतात. नव्या वसाहतींतील आपण सारे त्या प्रगृह्य स्वरांसारखे झालो आहो. एका भिंतीच्या दोन बाजूंस राहतो, आणि आपापल्या रूपात अबाधित राहतो. लोक म्हणतात, पूर्वीची माणसेच चांगली. मला तसे वाटत नाही. पूर्वीच्या माणसांस गरज होती. गरजेपोटी दार वाजवावे लागे, आणि दार वाजविता वाजविता ओळख होई. आपली गरज पैशाने भागू लागली आणि दारे मुकी झाली, एवढाच फरक. जुने वाडे परत येणार नाहीत, चौकातला नळही परत येऊ नये. घागरींची ती रांग आपल्या सुनांच्या नशिबी यावी असे कोण म्हणेल? पण मागण्याचा संकोच सोडणे तर आपल्या हाती आहे ना?

त्या प्रसंगानंतर आठवड्याने मी शेजारच्या घराची घंटा वाजविली. दार एका तरुण मुलीने उघडले. मी वाटी पुढे करून म्हणालो, “थोडे विरजण मिळेल का?” आमच्या घरात त्या वेळी पुरेसे दही होते, हे येथे कबूल करतो. तिने मला आत बसविले. ते कुटुंब लातूरकडचे निघाले. घरात आजोबा होते, त्यांस डोळ्यांनी कमी दिसे आणि वर्तमानपत्र वाचून दाखविणारे कोणी नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी जाऊ लागलो. पुढे आई फाटकापर्यंत गेली की चार घरांतून हाक येई, “आजी, कुठे निघालात?” आणि कोणीतरी तिला हात धरून परत आणी.

आमच्या सूनबाई हल्ली मला चेष्टेने विचारतात, “मामंजी, आज कोणाकडे मागायला जायचे?” मी त्यांच्या हाती वाटी देतो आणि सांगतो, “आज तुम्ही जा. आणि वाटी रिकामी नेऊ नका.”